अकरा टाकायचं की नाही

छापखान्याच्या काकांनी मशीन समोर ठेवलं आणि म्हणाले, "सात जुनं झालं रे, आता अकरा टाकून दे." म्हणजे विंडोज ७ काढून विंडोज ११. मशीन म्हणजे दुसऱ्या पिढीचा कोअर आय३-२१२०, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि त्यावर ३२-बिट विंडोज ७. कामाला पेजमेकर ७, जुने मराठी फॉन्ट, आणि मागच्या २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टात खोचलेला डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय मराठी टायपिंगचा प्रोग्राम चालत नाही ती किल्ली. गिऱ्हाइकं मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे सरकत नाही, त्यामुळे तक्रार खरी होती. टीपीएमची (बोर्डावरच्या सुरक्षा चिपची) अट वगळून रुफस या प्रोग्रामने बनवलेला अकराचा पेन ड्राइव्हही काकांच्या मुलीने तयार ठेवला होता.

तो पेन ड्राइव्ह बहुतेक चाललाही असता. एखाददुसरा अपवाद सोडला तर अकरासाठी इंटेल प्रोसेसरांची अधिकृत यादी आठव्या पिढीपासून सुरू होते, शिवाय टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) लागतं. ही अट डावलता येते. पॉपकाउंट ही प्रोसेसरची आज्ञा मात्र डावलता येत नाही; जुन्या कोअर २ प्रोसेसरवर अकराची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही ती त्यामुळे. आय३-२१२० मध्ये ती आज्ञा आहे.

मग अकरा बसल्यावर काय काय जाईल, ते आम्ही कागदावर मांडलं. अकरा ३२-बिटमध्ये येतच नाही, आणि ३२ वरून ६४ वर जायचं म्हणजे डिस्क कोरी करून सगळं नव्याने टाकायचं. पेजमेकर कदाचित चालेल, कारण ३२-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर चालतात. ड्रायव्हरचं तसं नाही. तो थेट विंडोजच्या गाभ्यात बसतो, आणि ६४-बिट गाभा ३२-बिट ड्रायव्हर घेत नाही. या डोंगलचा ड्रायव्हर फक्त ३२-बिट. म्हणजे डोंगल गेला, त्याच्यासोबत टायपिंगचा प्रोग्राम गेला. सातच्या कीवर फुकट अॅक्टिव्हेशन मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केलं, तेव्हा लायसन्स नवं घ्यावं लागेल. वर दरवर्षीची मोठी आवृत्ती अशीच अट डावलून हाताने चढवायची.

"मग सगळं युनिकोडमध्ये करून टाकू," मुलगी म्हणाली. युनिकोड म्हणजे मोबाइलवर, नेटवर सगळीकडे चालणारी अक्षरं साठवायची पद्धत. नव्या कामासाठी तिचं बरोबर आहे. जुन्या फायलींचं दुखणं वेगळं. त्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतील त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘कार्तिक’ घ्या: क, काना, मग पहिली वेलांटी, मग त, त्यावर रफार, शेवटी क. युनिकोडमध्ये रफाराचा र त च्या आधी जातो आणि वेलांटी त च्या नंतर. कन्व्हर्टरला दोन्ही उड्या एकाच अक्षरावर माराव्या लागतात आणि तिथेच तो चुकतो. ‘कातिर्क’ छापलेलं तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल. लग्नपत्रिकेतल्या नवरदेवाच्या नावात असं झालं तर गठ्ठा परत येतो. वर्षानुवर्षांच्या फायली एका झटक्यात फिरवायचा विचार म्हणूनच सोडला.

इथवर आलो आणि सवयीप्रमाणे डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं. खरं तर हे सगळ्यात आधी करायला हवं. पिवळी पट्टी, आणि सी५ ओळीत, म्हणजे वाचायला अडणाऱ्या सेक्टरांच्या मोजणीत, १८. हा आकडा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेला असतो, तेव्हा खरे २४. लगेच मशीन बंद करायला सांगितलं. आजारी डिस्कवर नवं विंडोज चढवलं तर पहिल्याच तासात काही जीबी लिहिले जातात, आणि मध्येच अडकलं तर जुनंही हातचं जातं. विंडोजच्या चेकडिस्क या डिस्क-दुरुस्तीच्या आज्ञेचा आर पर्यायही या अवस्थेत चालवू नये. तो सगळी डिस्क पिंजून काढतो, फाइल सिस्टिममध्ये बदल करतो, आणि वाचवायच्या प्रती तर निघालेल्याच नसतात.

प्रत काढायला ५०० जीबीचा एसएसडी आणला. ४८० चा स्वस्त पडतो, पण ५०० ची डिस्क त्यावर सेक्टरला सेक्टर मावत नाही. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि मूळ डिस्क कोणती, नवी कोणती हे सिरियल नंबर बघून दोनदा ताडून घेतलं. इथे उलटसुलट झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामची पहिली फेरी अडलेली जागा न उकरता पुढे जाणारी, दुसरी तीन प्रयत्नांची, दोन्हींना कुठवर वाचलं ते टिपणारी नोंदफाइल एकच. जवळपास दोन तास लागले. शेवटी १२ केबी वाचता आले नाहीत. कोणत्या फायली दुखावल्या ते कळायला, प्रतीवरच्या त्या रिकाम्या जागांत डीडीरेस्क्यूच्या भरण-पर्यायाने एक खुणेचा शब्द भरला आणि सगळ्या फायलींत तो शोधला. एका जुन्या फोटोत सापडला, बाकी मोकळ्या जागेत. पत्रिकेची एकही फाइल त्यात नाही हे ऐकून काका खुर्चीत टेकले.

निर्णय मग अवघड राहिला नाही. जुनं मशीन विंडोज ७ वरच, पण एसएसडीवर आणि नेटशिवाय. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्क जुन्या आयडीई मोडमध्ये होती. ती सरळ एसएसडीला बरा पडणाऱ्या एएचसीआय मोडवर नेली असती तर निळा पडदा आला असता, म्हणून आधी विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या नोंदवहीत) एमएसएएचसीआय सेवेची स्टार्ट किंमत ० केली, मग मोड बदलला. एच६१ वर साटा, म्हणजे डिस्कची जोडणी, ३ गिगाबिटचाच आहे, एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही. पण पेजमेकर उघडायला लागणारा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला. बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही उतरला होता, ३ ऐवजी २.४ व्होल्ट. तारीख मागे जात होती आणि साइट ‘असुरक्षित’ म्हणत होत्या, त्याचा दोष इतके दिवस विंडोजवर जात होता. लॅनची केबल काढली आणि पोर्टावर कागदी टेप लावली.

नेटसाठी आठव्या पिढीच्या आय५ चं वापरलेलं डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, अधिकृत अकरा. व्हॉट्सअॅप, मेल, युनिकोडमधलं सगळं नवं काम तिथे. जुन्या साच्यात बसवायचा मजकूर तिथेच जुन्या फॉन्टमध्ये फिरवायचा, तपासलेल्या पेन ड्राइव्हने न्यायचा, आणि रफार, वेलांटी, ‘ऱ्या’ एवढ्या तीन गोष्टी छापील प्रूफवर बोट ठेवून बघायच्या. जुनी डिस्क पुसलेली नाही. तारीख लिहून कपाटात ठेवली आहे.

संध्याकाळी मुलीने २०१४ ची एक पत्रिका उघडली आणि प्रूफ काढलं. ‘कार्तिक शुद्ध द्वादशी’, वेलांटी आणि रफार दोन्ही त वरच.