सासऱ्यांचं 'बोक मो' आणि नकाशातून गेलेला तालुका

पहाटे तीनला सासऱ्यांची कबर उघडायची होती, आणि आदल्या दिवशी साडेअकराला सरकारी कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली. आता दीडला या. मी आणि मेव्हणा हातात फाइल धरून बाहेरच्या प्लास्टिकच्या स्टुलांवर.

उत्तर व्हिएतनाममध्ये, लाल नदीच्या खोऱ्यात, माणसाला दोनदा पुरतात. साधारण तीन वर्षांनी, थंडीत, कबर उघडतात, हाडं धुऊन 'तिएउ' नावाच्या भाजक्या मातीच्या पेटीत मांडतात आणि कायमची पुरतात. हेच 'बोक मो'. दक्षिणेत ही पद्धत फारशी नाही. आपण तिसऱ्या दिवशी सावडतो, हे तिसऱ्या वर्षी, असं मी आईला सांगलीला फोनवर समजावलं. ती एवढंच म्हणाली, "आल्याआल्या डोक्यावरून आंघोळ कर."

सासरे २०२२ मध्ये गेले, हनोईच्या कडेला पुरले. हाडं न्यायची होती त्यांच्या गावी, नाम दिन्हला. दिवस आणि घटका 'थाय'ने, म्हणजे तिथल्या गुरुजींनी, सासऱ्यांच्या आणि मेव्हण्याच्या जन्मवर्षावरून काढलेली. ती चुकवायची तर थेट पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबा, असं सासूबाईंनी ठणकावलं होतं.

अडलं कुठे? गावात पुरायला जागा आहे असा दाखला हवा होता. पण १ जुलै २०२५ ला व्हिएतनामने ६३ प्रांतांचे ३४ केले, तालुके बरखास्तच केले आणि गावगट एकत्र करून ३,३२१ वर आणले. नाम दिन्ह निन्ह बिन्हमध्ये गेलं. मृत्यूच्या दाखल्यावर गाव, तालुका, प्रांत असं जे छापलेलं, त्यातलं काहीच उरलं नव्हतं. बाई म्हणाल्या, हा तालुका यादीत नाही. मेव्हणा म्हणाला, तुम्हीच काढून टाकला ना. त्या म्हणाल्या, जुन्या कचेरीतून पत्र आणा. जुन्या कचेरीला कुलूप! फाटकावर नव्या कचेरीचा पत्ता लावलेला, म्हणजे ह्याच खिडकीचा. जुनी कागदपत्रं मुदतीपर्यंत चालतात असं सरकारने सांगितलं होतं. ते मोबाइलवर दाखवलं तर साहेबांना विचारते म्हणाल्या. साहेब बैठकीला. माझा आवाज चढला तशी बायकोने मला चहा आणायला पिटाळलं. मला राग आला होता, अजूनही येतो.

शेवटी वाडीच्या प्रमुखाला स्कूटरवर बसवून आणलं. वाड्या तेवढ्या शाबूत होत्या. त्या म्हाताऱ्याने वहीच्या पानावर लिहून दिलं की मी ह्या माणसाला ओळखत होतो, आमच्या स्मशानात त्याच्या आईशेजारी जागा आहे. चार वाजून दहा मिनिटांनी शिक्का बसला. तेव्हा तुम्ही कुणी या फेऱ्यात असाल तर कचेरीआधी वाडीच्या माणसाकडे जा.

बाकी सगळं सुरळीत. तिएउ घेताना मांडीचं हाड आत बसेल एवढी लांबी बघा. डोक्याला लावायच्या बॅटऱ्या न्या, हातमोजे जास्तीचे न्या. गरोदर बाईला नेत नाहीत. हाडांवर ऊन पडता कामा नये, म्हणून वर ताडपत्री. दफनभूमीच्या रखवालदाराने कागद उघडूनही पाहिला नाही. "तांदळाची दारू आणली का?" एवढंच विचारलं. ही दारू हाडं आणि हात धुवायला लागते.

खणणारा गुडघाभर चिखलात उतरला. मोठी हाडं झटकन आली. पाच सुगंधी मसाल्यांच्या उकळलेल्या पाण्यात मेव्हणा एकेक धुवायचा, मी पुसायचो. ओल्या मातकट रंगाची, अपेक्षेपेक्षा हलकी. पेटीत पायांपासून डोक्यापर्यंत क्रमाने मांडली. डाव्या हाताच्या बोटाचं एक हाड सापडेना. पाच वाजत आले होते. सासूबाई काठावर उकिडव्या बसून म्हणाल्या, ते बोट वाकडं होतं, सायकलच्या साखळीत सापडलेलं, नीट बघा. खणणाऱ्याने पुन्हा कोपरापर्यंत हात घातला.