डार्क-फायर्ड चाखताना कडकपणा वेगळा, धूर वेगळा

दोन डार्क-फायर्ड, म्हणजे लाकडाच्या धुरीवर वाळवलेल्या, पाइप-तंबाखूच्या मिश्रणांची तुलना बहुतेकदा ‘ही जास्त कडक आहे’ इथंच फसते. त्या एका शब्दात तीन गोष्टी कोंबलेल्या असतात: निकोटीन, धुरीची चव, आणि तोंडात जाणवणारा धुराचा दाटपणा. या तिन्ही एकत्र वाढत किंवा कमी होत नाहीत. धुरीवरच वाळवलेली लाटाकिया तंबाखू धुरकटपणात कुणाला हार जात नाही, पण तिचं निकोटीन बेताचंच. उलट काही तपकिरी रोपमध्ये (दोरासारखी पिळलेली तंबाखू) धुरी जेमतेम जाणवते आणि पाइपची अर्धी वाटी ओढून होण्याआधी माणूस भिंतीचा आधार शोधतो. म्हणून टिपणात सुरुवातीपासून तीन रकाने ठेवावेत आणि एकाचे गुण दुसऱ्यात मिसळू देऊ नयेत.

धुरी कुठून येते हे माहीत असलं की चव ओळखायला सोपी जाते. या पानाचं जुनं घर म्हणजे पश्चिम केंटकी आणि त्याला लागून असलेला टेनेसीचा पट्टा. मलावी, टांझानियातही ते पिकतं, आणि इटलीतला टोस्कानो सिगार याच पानावर उभा आहे. अख्खं झाड कापून काठीवर ओवतात, कोठारात टांगतात आणि आधी पान पिवळं पडू देतात. मग खाली ओक, हिकरीसारख्या कठीण लाकडाच्या फळ्यांवर भुसा पसरून तो धुमसत ठेवतात. ज्वाळा उठू द्यायची नाही, नाहीतर कोठारच जायचं. हे काही आठवडे चालतं. धुरातले ग्वायकॉल, क्रेसॉल असे फिनॉल पानावर बसतात. धुरावर वाळवलेल्या मांसात किंवा पीटच्या व्हिस्कीत जो वास येतो, तोही याच कुळातला. पानात साखर मात्र फारशी उरत नाही, आणि पुढचं बरंच काही या एका गोष्टीवरून ठरतं.

व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूत साखर भरपूर, त्यामुळे तिचा धूर आम्लधर्मी असतो. केंटकीचा, म्हणजे या डार्क-फायर्ड पानाचा, धूर अल्कधर्मी बाजूला झुकतो. अशा धुरातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून सहज शोषलं जातं, छातीत ओढावं लागत नाही. पानात निकोटीन मुळातच जास्त, वर शोषलं जाण्याचा वेगही जास्त. त्यामुळे व्हर्जिनिया पचवणाऱ्यालाही ही तंबाखू लागते. जीभ भाजण्याचा त्रास इथं तुलनेनं कमी. घसा आणि नाक मात्र तिखटानं चरचरतात.

तुलनेसाठी मिश्रणं निवडताना सगळीच एका धाटणीची घेऊ नयेत. मॅक बॅरनची एचएच ओल्ड डार्क फायर्ड हा चांगला मध्यबिंदू आहे: फ्लेक (दाबून पातळ पट्ट्यांत कापलेली तंबाखू), धुरी स्पष्ट, ताकद मध्यमाच्या वर. पीटरसन आयरिश फ्लेक निकोटीनमध्ये तिच्या पुढं जाते, धुरकटपणात नाही. जी. एल. पीजची जॅकनाइफ प्लग (दाबलेली अखंड वडी) लाल व्हर्जिनियामुळे गोडसर बाजूनं उलगडते. इंग्लंडमधल्या केंडलच्या गविथ हॉगर्थची अनसेंटेड डार्क फ्लेक म्हणजे जवळपास निव्वळ काळं पान. कडकपणाच्या रकान्याची वरची टोकाची खूण म्हणून ती ठेवावी. त्याच गावच्या सॅम्युएल गविथची १७९२ फ्लेक प्रसिद्ध असली तरी पहिल्या तुलनेत घेऊ नये. तिच्यावर टोंका बीचा वास असतो, आणि त्यातल्या कूमरिनचा व्हॅनिलासारखा सुगंध धुरीच्या पुढं येऊन उभा राहतो. चाखणारा मग पानाऐवजी वासालाच गुण देत बसतो.

आता ओलावा, कारण सर्वात जास्त घोळ इथंच होतो. फ्लेक डब्यातून ओलसरच निघते. ओली तंबाखू पुन्हा पुन्हा विझते, माणूस जोरात झुरके मारतो, वाफ होते, पाइप गुरगुरतो, आणि शेरा पडतो ‘कडवट, एकसुरी’. तो शेरा पानावर नसून पाण्यावर असतो. एक मिश्रण ओलं आणि दुसरं सुकं असेल तर तुलनेला अर्थच नाही. खात्रीचा उपाय सोपा आहे. प्रत्येकी ५ ग्रॅम कुस्करून छोट्या उघड्या वाट्यांमध्ये ठेवावी, आणि सगळ्या वाट्या ६२ टक्के आर्द्रता राखणाऱ्या पाकिटासह एकाच हवाबंद डब्यात आठवडाभर राहू द्याव्यात. सुगंधी मिश्रण त्या डब्यात चुकूनही नको, नाहीतर आठवड्यानं सगळ्याच वाट्यांना तोच वास.

घाई असेल तर वजनकाटा वापरावा. सुरुवातीचा ओलावा २२ टक्के धरला तर १० ग्रॅममध्ये ७.८ ग्रॅम कोरडं पान असतं. १४ टक्क्यांवर आणायचं तर वजन ९.०७ ग्रॅम व्हायला हवं. म्हणजे साधारण ०.९ ग्रॅम पाणी उडवायचं. फ्लेक कुस्करून कागदावर पसरली तर अर्धा ते एक तास पुरतो; कोरड्या हवेत त्याहून लवकर. काटा नसेल तर चिमूट दाबून पाहावी: गोळा होऊन तसाच राहिला तर ओली, दाब सोडताच हळू उकलली तर बरोबर, कुरकुरली तर जास्तच सुकली. ओलावा धरून ठेवणारं प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेली तंबाखू सुकूनही मऊच लागते. तिथं बोटं फसवतात, काटा नाही.

रोप किंवा प्लग असेल तर धारदार सुरीनं एक मिलिमीटरच्या चकत्या कापाव्यात. जाड चकती वरून सुकते, आतून ओलीच राहते. रोपच्या चकत्या सुट्या करून काही तास ठेवाव्या लागतात. तुलनेत प्रत्येक तंबाखू पूर्ण कुस्करलेलीच घ्यावी. एकीकडं दुमडून भरलेली अखंड फ्लेक आणि दुसरीकडं चुरा, असं असेल तर जळण्याचा वेग वेगळा आणि ताकदही वेगळी भासते.

पाइपला स्वतःची चव नसावी. ब्रायर लाकडाचा पाइप जुन्या तंबाखूचा वास धरून ठेवतो. मातीचा पाइप उत्तम, फक्त हाताला चटका देतो; मक्याच्या कणसाचा पाइपही चालतो, पण सगळे नवे आणि एकाच मापाचे घ्यावेत. पाइपची वाटी लहान हवी, १६ ते १८ मिलिमीटर रुंद, सुमारे ३० मिलिमीटर खोल. १ ते १.५ ग्रॅमपेक्षा जास्त भरायची गरज नाही. मोठी वाटी भरून घेणं ही मर्दुमकी नव्हे. तिसऱ्या भागापर्यंत जीभ बधिर झाली की उरलेलं टिपण कागद भरण्यापुरतंच राहतं.

पहिली काडी फक्त वरचा थर करपवायला. तो फुगतो, टॅम्परच्या (तंबाखू दाबायच्या दांड्याच्या) वजनानंच खाली बसवावा, मग दुसरी काडी. त्यानंतर झुरके इतके संथ की पाइप विझेल की काय असं वाटावं. वाटी गालाला लावून धरता येत नसेल तर वेग जास्त आहे. डार्क-फायर्ड तापली की आंबटतुरट होते आणि कोकोसारखी, कातड्यासारखी, भाजलेल्या दाण्यांसारखी खालची चव गायब होते. धूर नाकावाटे सोडून पाहायचा तर अगदी थोडा, तोही वाटीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात दोन-तीनदाच. मिरी तिथंच कळते, पण नाक एकदा पोळलं की तासभर कामाचं राहत नाही.

टिपण तीन टप्प्यांत लिहावं. पहिल्या भागात धुरी सर्वात पुढं असते, मध्यावर गोडवा किंवा त्याचा अभाव कळतो, शेवटी निकोटीन. कडकपणाचा गुण मात्र वाटी संपल्यावर दहा-पंधरा मिनिटांनीच द्यावा, कारण निकोटीनचा जोर मागाहून चढतो. उचकी ही या पानाची नेहमीची पहिली सूचना. ती आली की पाइप खाली ठेवावा. थंड घाम, मळमळ, गरगर सुरू झाली तर चाखणं तिथंच संपलं. बसावं, पाणी प्यावं, साखरेचं काहीतरी खावं. उपाशीपोटी ही तंबाखू घेऊच नये, आणि एका दिवसात दोनपेक्षा जास्त मिश्रणं नकोत. हलकी आधी, कडक नंतर. उलट क्रम लावला तर हलकीची चव लागतच नाही.

धोक्याचीही नोंद हवी. धुरीतल्या नायट्रोजन ऑक्साइडमुळे या पानात नायट्रोसामाइन या कर्करोगकारक द्रव्यांचं प्रमाण वाढतं, आणि धूर छातीत न ओढणाऱ्यालाही पाइपमुळे तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाचा धोका असतो. मिश्रण कितीही आवडलं तरी त्यात सूट मिळत नाही.

पहिली फेरी झाली की दुसरी आंधळी करावी. दुसऱ्या कुणाकडून वाट्यांना आकडे लावून घ्यायचे, कोणता आकडा कशाचा हे त्यानंच जपायचं. कुस्करलेल्या काळ्या पानात डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही, त्यामुळे हे सहज जमतं. दोन फेऱ्यांत धुरीचे गुण जुळले आणि कडकपणाचे नाही, तर आधी जेवणाची वेळ आणि मिश्रणांचा क्रम तपासावा. धुरीचेच जुळले नाहीत, तर वाट्या पुन्हा डब्यात.