लॉकरची किल्ली

बुधवार, रात्री साडेनऊ

आज पिशवी लॉकरमध्ये ठेवली आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत एकदाही बघायला गेले नाही. हे लिहून ठेवायलाच हवं.

वेल्डिंगच्या प्रशिक्षणाचा हा सातवा आठवडा. पहिल्या दिवशी सरांनी सामान लॉकरमध्ये ठेवायला सांगितलं. सगळ्यांनी ठेवलं. मी पिशवी पोटाशी धरून तशीच उभी. तीन वर्षं रस्त्यावर काढली की खाली ठेवलेली वस्तू म्हणजे गेलेली वस्तू, हे अंगात मुरतं. रात्री पट्टा मनगटाला गुंडाळून, भिंतीला टेकून डुलक्या काढायच्या. बाईमाणसाने आडवं होऊन गाढ झोपायची सोय तिथे नसते. पिशवीत होतं तरी काय? कपड्यांचा एक जोड, औषधांची चिठ्ठी आणि पाण्याने फुगलेलं ओळखपत्र. पण ते ओळखपत्र नसतं तर कोर्सला नावसुद्धा घातलं नसतं कुणी.

सरांनी वाद घातला नाही. किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "वाटेल तेव्हा जाऊन बघून ये." मी दर दहा मिनिटांनी जात होते. ते एकदाही काही बोलले नाहीत. त्याबद्दल त्यांचे आभार कसे मानायचे हे मला अजून सुचलेलं नाही.

दारू सुटून अकरा महिने झाले. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं, हे मला दवाखान्यात कळलं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढच्या दोन दिवसांत भ्रम होऊ शकतो. मला भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसत होत्या. ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, सलाईन, रात्रभर जागी असलेली सिस्टर, सगळं आठवतं. तिथून सुटल्यावर मात्र लांबच्या लांब दुपारी समोर आल्या. काही करायचं नाही, कुठे जायचं नाही. मी पुन्हा प्यायले ती अशाच एका दुपारी. हे अकरा महिने त्यानंतरचे, पुन्हा शून्यापासून मोजलेले. आता सकाळी आठला हजेरी असते.

हातांचं सांगायचं राहिलं. वेल्डिंग म्हणजे हात. आम्ही ३.१५ मिलिमीटरचा रॉड वापरतो, करंट साधारण १०० अँपिअर. रॉडचं टोक आणि प्लेट यांत जेमतेम रॉडच्या जाडीइतकं अंतर राखायचं, आणि रॉड वितळून आखूड होत जातो तसा हात खाली आणत राहायचं. अंतर वाढलं की ठिणग्या उडतात, कमी झालं की रॉड चिकटतो. पहिले दोन आठवडे माझा रॉड सतत चिकटत होता. शेजारचे दादा मुकाट्याने माझा होल्डर हलवून सोडवून द्यायचे. सरांनी कोपर टेकवायला शिकवलं, दोन्ही हातांनी धरायला शिकवलं. "श्वास कोंडू नकोस," हे तर दिवसातून वीसदा.

सोमवारच्या मीटिंगमध्ये एका काकांनी डॉक्टर बॉबची गोष्ट सांगितली. आमची मीटिंग ज्यांची, त्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहायच्या संघटनेची, सुरुवात त्यांनी आणि बिल विल्सनने केली. ते सर्जन होते. जून १९३५ मध्ये एका ऑपरेशनच्या सकाळी हात इतके कापत होते, की ते स्थिर व्हावेत म्हणून बिल विल्सनने त्यांना बिअर दिली. तो त्यांचा शेवटचा घोट. १९५० मध्ये वारले, तोवर पुन्हा प्यायले नाहीत. ऐकताना मी माझे हात मांडीखाली दाबून बसले. सही करता यावी म्हणून सकाळी पिणं काय असतं, ते मला माहीत आहे.

आज पंधरा सेंटिमीटरची एक सलग ओळ ओढली. गार झाल्यावर हातोडीने टोचलं तर वरचा स्लॅग, म्हणजे जोडावर जमलेलं कडक कवच, एका तुकड्यात उचलून आला. खाली माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी ओळ! सरांनी बोट फिरवून पाहिलं, मान डोलावली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मी ती प्लेट मागून घेतली. उशाशी आहे.

दोन आठवड्यांनी परीक्षा. जोडाची पट्टी कापून यू आकारात वाकवतात. आत पोकळी राहिली असेल तर तिथे तडा जातो. त्याची मला भीती वाटत नाही. "मधली वर्षं काय करत होता?" हे मुलाखतीत विचारतील, त्याची वाटते. समुपदेशक ताई म्हणाल्या, खोटं सांगू नका, सगळंही सांगू नका. पुढच्या वेळी त्यांच्यासमोर सराव करायचा आहे.

त्याआधी शुक्रवार. विद्यावेतन जमा होईल. पैसा हातात आला की तलफ उठते. लाट असते ती, माझी वीस-पंचवीस मिनिटांत ओसरते, पण ती मिनिटं एकटीने काढायची नाहीत. खोलीचं भाडं ताईंसमोरच भरणार, तिथून सरळ मीटिंगला.

किल्ली आज गळ्यात नाही, खुंटीला लावली आहे. आत्ता उठून एकदा हात लावून आले. आहे.