निळी

उन्हाळ्यात दुपारी नागपूरकर घराबाहेर पडत नाही. कूलरमध्ये पाणी भरून झालं की माणूस नि मोबाइल एकाच दिवाणावर आडवे. भाचा तसाच पडून 'हॅकर न्यूज' ही संगणकवाल्यांच्या गप्पांची वेबसाइट वाचत होता. मध्येच भातात खडा लागल्यासारखा म्हणाला, "मावशी, हिरवा आहे हा!"

तिथे नव्या खात्याचं नाव सुरुवातीला हिरवं दिसतं म्हणे, मग इतरांसारखं करडं होतं. मी विचारलं, "म्हणजे त्याला सांभाळून घ्यायचं?"

"घेतात काही जण. पण आधी बघायचं, जाहिरात करायला तर नाही ना आला."

विकिपीडियावरची गंमत मला जास्त आवडली. तिथे स्वतःची ओळख सांगणारं सदस्यपान नसेल तर चर्चेत केलेल्या सहीतलं नाव लाल दिसतं. लाल म्हणजे नवखा, असं धरून चालतात. म्हणून काही मुरलेले संपादक मुद्दाम ते पान बनवतच नाहीत. खोडसाळपणा करावा तर असा.

मला मात्र निळा आठवला. वडिलांची बदली झाली नि सहावीचं अर्धं वर्ष उलटल्यावर मी नागपूरच्या शाळेत आले. महाल भागातला शिंपी म्हणाला, गणवेश दिवाळीनंतर. तोवर जुन्या शाळेचा निळ्या चौकड्यांचा फ्रॉक. प्रार्थनेच्या रांगेत सगळ्या हिरव्या स्कर्टमध्ये, नि मधोमध मी. मधल्या सुट्टीत पोट्ट्या घेरायच्या, कॉलर चिमटीत धरून कापड बघायच्या. "कोण्या गावची होय वं तू?" गणिताच्या बाईंना तर माझं नाव विचारायची गरजच पडली नाही. "ए निळी, तू सांग." फळा पुसायला निळी, खडू आणायला निळी. गृहपाठ नसला तर मात्र "जाऊ दे, नवी आहे" म्हणून सुटायचे. तेवढा फायदा मी पुरेपूर घेतला.

दिवाळी झाली, हिरवा स्कर्ट आला. नाव काही गेलं नाही, दहावीपर्यंत निळीच. परवा सीताबर्डीच्या गर्दीत कोणीतरी "निळेऽऽ" म्हणून हाक मारली नि मी वळलेसुद्धा. संगणकाला रंग काढून घेता येतो, वर्गातल्या पोरींना कोण सांगणार?

आपल्याकडे शिकाऊ गाडीला पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा नियम आहे. पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस, अक्षर १० सेंटीमीटर उंच, सगळं कायद्यात मोजून दिलेलं. मागच्यांनी काय करायचं, ते मात्र ज्याच्या त्याच्या संस्कारांवर. जपानमध्ये १९७२ पासून नवा परवाना मिळालेल्याच्या गाडीवर वर्षभर हिरव्या-पिवळ्या पानाची खूण असते, आणि अशा गाडीपुढे कोणी बळजबरीने घुसला तर दंड घुसणाऱ्याला. रंग नव्याच्या अंगावर, जबाबदारी जुन्यांच्या. आमच्या बाईंना हे कोणी सांगायला हवं होतं.

लॉ कॉलेज चौकात 'एल'वाली गाडी बंद पडली की मागे हॉर्नची आरती सुरू होते. माझं आपलं ठरलेलं आहे, 'एल' दिसला की मी थांबते, त्याला जाऊ देते, मग तो डावीकडून येवो की उजवीकडून. तोवर मागचे माझ्यावर हॉर्न वाजवतात. वाजवोत बापडे.