क्रूझवरचं जेवण: कुठे जादा पैसे मोजावेत, कुठे मोजू नयेत

मोठ्या जहाजावर उपाशी राहणं जवळजवळ अशक्य असतं. पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत कुठल्या ना कुठल्या डेकवर काहीतरी वाढलं जात असतंच. डोकं खायला लागतं ते दुसरंच कोडं. तिकिटात आलेलं जेवण पुरेसं चांगलं आहे का, आणि वर पैसे घेणारी ती स्पेशालिटी रेस्टॉरंट्स खरंच घेतलेल्या पैशांची आहेत का? काही हजार प्रवासी नेणाऱ्या एका जहाजावरून आम्ही नुकतेच परतलो आहोत. मी, नवरा, माझी शाकाहारी आई आणि शाळकरी भाची. नवऱ्याला स्टेकशिवाय काही दिसत नव्हतं, भाचीला रात्री अकराला भूक लागायची आणि आईला टेबलावर शांतपणे बसून जेवायचं असायचं. त्यामुळे जहाजावरच्या बहुतेक खाण्याच्या जागा आपोआपच फिरून झाल्या.

माझं मत आधीच सांगते. जहाजावर जेवण चांगलं की सुमार, हे बरंचसं एका गोष्टीवर ठरतं: त्या स्वयंपाकघरातून एका तासात किती ताटं बाहेर पडतात. मुख्य डायनिंग रूममध्ये ठरलेल्या वेळेची पद्धत असेल, तर साधारण सहाची एक पंगत आणि सव्वाआठ-साडेआठची दुसरी. प्रत्येक पंगतीला हजार-दोन हजार माणसं एकदमच बसतात आणि सगळ्यांना सूप, मग मुख्य डिश, मग गोड, असं जवळपास एकाच लयीत हवं असतं. आगीच्या भीतीने जहाजावर उघड्या ज्वाळेवरचा स्वयंपाक सहसा नसतोच. विजेच्या शेगड्या, वाफेच्या मोठ्या कढया आणि ओव्हन यांच्यावर सगळं चालतं. ताटं ओळीने भरली जातात, झाकली जातात, वेटर ती भल्यामोठ्या ट्रेवर रचून टेबलापर्यंत आणतो. या सगळ्यात दहा मिनिटं सहज जातात.

या दहा मिनिटांत काय टिकतं आणि काय मरतं, एवढं कळलं की मुख्य डायनिंग रूमचा मेनू निम्मा सोपा होतो. सूप टिकतं. रश्श्यात मंद आचेवर शिजलेलं मांस टिकतं, उलट मुरून बरं लागतं. भाजलेल्या मोठ्या तुकड्यातून कापून वाढलेलं मांस, थंड स्टार्टर, रिसोट्टोपेक्षा (मऊ इटालियन भात) सॉसमध्ये बेक केलेला पास्ता, हे सगळं ठीक. मरतं ते स्टेक, पातळ तुकड्याचा मासा आणि कुरकुरीत तळलेलं काहीही. पहिल्या रात्री नवऱ्याने तिथे स्टेक मागवला, 'मीडियम रेअर' असं बजावून. आला तो आतून पूर्ण शिजलेला. वेटरने हसतमुखाने बदलून दिला, दुसराही जवळपास तसाच. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. शेकडो स्टेक एकाच वेळी झाकणाखाली ठेवले की ते आपल्याच वाफेत शिजत राहणार. त्याच टेबलावर भाचीने मागवलेला मंद शिजवलेला मटणाचा तुकडा मात्र चमच्याने तुटत होता.

म्हणून जादा पैसे मोजायचेच असतील तर ते स्टेकहाउसमध्ये मोजा. तिथे साठ-सत्तर माणसं, ती पण वेगवेगळ्या वेळी येणारी. तव्यावरून उतरलेला तुकडा दोन-तीन मिनिटांत समोर येतो. मांसाचा दर्जाही सहसा वरचा असतो, पण खरा फरक पडतो तो या वेळेचा. आमच्या जहाजावर हा फरक इतका उघड होता की नवऱ्याने दुसऱ्यांदा जायचा हट्ट धरला. रॉयल कॅरिबियनचं चॉप्स ग्रिल, प्रिन्सेसचं क्राउन ग्रिल, हॉलंड अमेरिकाचं पिनॅकल ग्रिल, नॉर्वेजियनचं कॅग्नीज ही वेगवेगळ्या क्रूझ कंपन्यांची याच जातीची रेस्टॉरंट्स. तेप्पानयाकीसारखं समोर तव्यावर करून देणारं ठिकाणही याच कारणाने जमून जातं, शिवाय मुलांची करमणूक होते. फक्त तिथे अनोळखी लोकांबरोबर एका टेबलाभोवती बसायची तयारी हवी.

पैसे घेणाऱ्या इटालियन रेस्टॉरंटबद्दल माझा उत्साह बेताचा आहे. खोली सुंदर, टेबलांमध्ये ऐसपैस जागा, वेटरला गप्पा मारायला सवड. पण पास्ता आणि लसान्या मुख्य डायनिंग रूममध्येही बरे मिळतात, कारण ते टिकणारे पदार्थ आहेत. आईचा वाढदिवस होता म्हणून गेलो, संध्याकाळ छान गेली, जेवण 'बरं' होतं. तुम्ही शांतता विकत घेत असाल तर जरूर जा. चवीसाठी जात असाल तर आधी तिथला मेनू मागवून मुख्य डायनिंग रूमच्या मेनूशी ताडून बघा.

समुद्रावर जेवणाचे वेगळे पैसे घेणं ही आजच्या कंपन्यांची हाव आहे, अशी कुरकुर सगळीकडे ऐकू येते. प्रथा जुनी आहे. १९०५ साली हॅम्बुर्ग-अमेरिका लाइन या जर्मन कंपनीच्या 'अमेरिका' या जहाजावर नामवंत हॉटेलवाला सेझार रिट्झच्या मदतीने स्वतंत्र रेस्टॉरंट उघडलं, तिथे मागवाल त्याचे वेगळे पैसे पडत. १९१२ मध्ये टायटॅनिकवरही पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी लुइजी गाट्टी चालवत असलेलं असंच रेस्टॉरंट होतं. १९३६ च्या क्वीन मेरीवरच्या व्हरांडा ग्रिलमध्येही जादा आकार होता. नवीन आहे ते प्रमाण. नॉर्वेजियनने २००० साली 'फ्रीस्टाइल क्रूझिंग' आणलं, ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल सैल झालं, आणि एकेका जहाजावर डझनभर वेगळी रेस्टॉरंट्स येऊ लागली. काही कंपन्यांनी उलटी वाट धरली आहे. ओशिॲनिया आणि व्हायकिंगच्या समुद्री जहाजांवर स्पेशालिटी रेस्टॉरंट्स तिकिटातच धरलेली असतात. व्हर्जिन व्हॉयेजेसने बुफे आणि मुख्य डायनिंग रूम दोन्ही काढून टाकून छोट्या छोट्या रेस्टॉरंट्सवरच भिस्त ठेवली आहे. अर्थात त्याची किंमत तिकिटात कुठेतरी असतेच. जेवण हाच तुमच्या सुट्टीचा मुख्य भाग असेल, तर जहाज निवडतानाच हा हिशेब करा: स्वस्त तिकीट अधिक रोजचं स्पेशालिटी जेवण, की महाग तिकिटात सगळं?

आता बुकिंग. आकारणी दोन तऱ्हांनी होते: माणशी ठरावीक कव्हर चार्ज, किंवा पदार्थागणिक बिल. कव्हर चार्ज दिला तरी मेनूतल्या काही पदार्थांपुढे बारीक अक्षरात वेगळा आकार असतो. लॉबस्टर आणि स्टेकचे मोठे तुकडे त्यात हमखास. शिवाय १८ ते २० टक्के सेवाशुल्क बिलात आपोआप चढतं, तेव्हा टिपेची रिकामी ओळ दिसली की घाईने आणखी भरू नका. प्रवास सुरू होण्याआधी कंपनीच्या साइटवर किंवा ॲपवर दर अनेकदा कमी असतो. किंमत वर-खाली होत राहते, म्हणून रद्द करता येण्याजोगं बुकिंग करून ठेवायचं आणि दर उतरला की जुनं रद्द करून नवं करायचं. आम्ही हे केलं, त्यात निघालेल्या पैशांतून एका दुपारच्या जेवणाची सोय झाली.

पहिल्या रात्रीचं स्पेशालिटी जेवण हा सर्वांत दुर्लक्षित सौदा. लोक सामान लावण्यात आणि जहाज बघण्यात गुंतलेले असतात, रेस्टॉरंट्स रिकामी असतात आणि काही कंपन्या त्या रात्री सवलतही देतात. दुसरा सौदा म्हणजे समुद्रावरच्या दिवशीचं, म्हणजे जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही त्या दिवशीचं, दुपारचं जेवण. काही स्पेशालिटी रेस्टॉरंट्स त्या दिवशी दुपारी उघडतात, स्वयंपाकघर तेच, मेनू थोडा आखूड आणि आकार रात्रीपेक्षा बराच कमी. आमचं स्टेकहाउस असं दुपारी उघडलं तेव्हा आत दहा टेबलंही भरलेली नव्हती.

स्पेशालिटी जेवणाचं तीन-चार रात्रींचं किंवा 'हवं तितकं' असं पॅकेज घ्यायच्या आधी एक बघा. काही कंपन्यांच्या पॅकेजमध्ये तारीख-वेळ आधी निवडता येत नाही, जहाजावर चढल्यावर ठरते. चढलात की केबिन शोधायच्या आधी थेट रेस्टॉरंटच्या काउंटरवर जा; तासाभराने गेलात तर साडेपाच किंवा साडेनऊ एवढंच उरलेलं असतं. आणि रोज रात्री चार कोर्सचं जड जेवण पोटाला झेपतं का, हेही विचारा स्वतःला. तिसऱ्या रात्री आईने सूप आणि पाव मागवून पुस्तक उघडलं होतं.

स्पेशालिटीच्या रात्री ठरवण्याआधी मुख्य डायनिंग रूमचा पूर्ण प्रवासाचा मेनू मिळवा. ॲपवर दिसतो, नाहीतर हेड वेटरला मागा, तो दाखवतो. अनेक जहाजांवर फॉर्मल नाइटला (नटूनथटून जेवायच्या रात्री) लॉबस्टर किंवा तशीच मोठी डिश वाढतात, आणि त्याच रात्री तुम्ही पैसे देऊन दुसरीकडे बसलेले असणं हा निव्वळ तोटा. बंदराच्या दिवशी उशिरा परतणार असाल तर त्या रात्रीही स्पेशालिटी नको; दमलेल्या पायांनी दोन तास टेबलावर बसवत नाही, आणि न येण्याबद्दल आकार लागतो तो वेगळा.

शाकाहारी किंवा ॲलर्जी असलेल्यांसाठी माझ्या मते मुख्य डायनिंग रूम स्पेशालिटीपेक्षा सरस आहे. ॲलर्जी असेल तर बुकिंग करतानाच कंपनीला लेखी कळवा, आणि पहिल्या रात्री हेड वेटरला भेटून पुन्हा सांगा. आमच्या हेड वेटरने आईला दुसऱ्या रात्रीपासून जेवणानंतर उद्याचा मेनू आणून दाखवायला सुरुवात केली. ती त्यातलं निवडायची, किंवा 'यातलं मांस काढून वांगं घाला' असं सांगायची, आणि स्वयंपाकघराला चोवीस तास मिळायचे. तिच्यासाठी वेगळं केलेलं ते ताट आमच्या तिघांच्या ताटांपेक्षा बऱ्याचदा गरम यायचं, कारण ते हजारांच्या ओळीत नव्हतं. ही सोय रोज त्याच टेबलावर, त्याच वेटरकडे बसलात तरच नीट चालते. 'केव्हाही या' पद्धतीत वेटर रोज बदलतो. तिथे त्याच विभागात बसवा अशी विनंती करून बघावी. त्या पद्धतीत संध्याकाळी सात ते आठ रांग लागते, सहाच्या आत किंवा सव्वाआठनंतर लागत नाही.

बुफेबद्दल लोक नाकं मुरडतात, मी मुरडणार नाही. तिथेही तोच नियम: जे समोर करून देतात ते घ्या. ऑम्लेट, हवा तसा परतून दिलेला पास्ता, कापून दिलेलं भाजलेलं मांस. दिव्याखाली तासभर बसलेल्या ट्रेकडे वळूही नका. चढायच्या दिवशी दुपारी बुफेवर झुंबड असते. बऱ्याच जहाजांवर त्याच वेळी मुख्य डायनिंग रूम किंवा एखादा छोटा कॅफे उघडा असतो आणि कोणाला पत्ता नसतो. सकाळचा नाश्ताही मुख्य डायनिंग रूममध्येच करा. अंडी हवी तशी मिळतात, कॉफी टेबलावर येते, खुर्ची शोधत हातात ताट घेऊन फिरावं लागत नाही.

हात मात्र साबण-पाण्यानेच धुवा. दाराशी ठेवलेलं अल्कोहोलचं जेल नोरोव्हायरसवर फारसं चालत नाही, आणि जहाजावर पोट बिघडवणारा मुख्य भिडू तोच. अमेरिकन बंदरांना लागणाऱ्या जहाजांची स्वच्छता तिथली सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी तपासते, शंभरपैकी गुण देते, ८५ किंवा त्याखाली गेलं की नापास. गुण जाहीर असतात. बुकिंगआधी जहाजाचं नाव टाकून पाहायला दोन मिनिटं लागतात.

बसायच्या जागेबद्दल थोडं. जहाजाच्या अगदी मागच्या टोकाच्या खिडकीशी बसलात तर देखावा अप्रतिम, पण वेग वाढला की ग्लास थरथरतो. समुद्र खवळलेला असताना उंच डेकवरची रेस्टॉरंट्स जास्त झुलतात. पोट नाजूक असेल तर त्या दिवशी खालच्या, जहाजाच्या मधल्या भागातलं टेबल मागा.

रात्री अकराच्या भुकेचंही सांगते, कारण भाचीमुळे त्याचा अभ्यास झाला. रूम सर्व्हिस पूर्वी सरसकट फुकट असायची. आता अनेक कंपन्या साधा सकाळचा नाश्ता सोडून बाकीच्यासाठी आकार घेतात. पिझ्झाचा काउंटर मात्र उशिरापर्यंत उघडा आणि बहुतेक जहाजांवर तिकिटातच. कडेला बसलेल्या ट्रेमधला नको, नवीन निघेपर्यंत थांबा.

शेवटच्या संध्याकाळी ॲपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर तुमचा हिशेब उघडून स्पेशालिटीच्या नोंदी एकेक तपासा. पॅकेजमधलं एक जेवण आमच्या खात्यावर पुन्हा स्वतंत्र लावलेलं होतं. रात्री दहाला काउंटरवर रांग नव्हती, पाच मिनिटांत काढून दिलं. उतरायच्या सकाळी त्याच काउंटरसमोर निम्मं जहाज उभं होतं.