अजून अकरा मिनिटं

"सुई तर टोचून झाली, आता बसायचं कशाला? घरी पोहे व्हायचेत."

आज सकाळी इंदूरच्या एका दवाखान्यात एक काकू नर्सताईंना असं म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या. अ‍ॅलर्जीच्या लशीची सुई घेऊन १९ मिनिटं झाली होती, थांबायचं असतं ३० मिनिटं.

तो "कशाला" अजून डोक्यातून जात नाहीये.

अहो, अ‍ॅलर्जीच्या लशीत ज्याची अ‍ॅलर्जी आहे तेच असतं! धुळीतल्या माइटचा (डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्याचा) किंवा परागकणांचा अर्क, दंडाच्या मागच्या बाजूला, कातडीखाली. आधी दर आठवड्याला डोस वाढवत नेतात, मग २ ते ४ आठवड्यांनी ठरलेला डोस, ३ ते ५ वर्षं. गंभीर रिअ‍ॅक्शन आलीच, तर बहुतेक वेळा पहिल्या ३० मिनिटांत येते. तळवे खाजतात, घसा आवळतो, छातीत घरघर, चक्कर. तेव्हा सेट्रिझिनच्या गोळीच्या भरवशावर राहायचं नाही. लगेच अ‍ॅड्रेनलिन लागतं, मोठ्यांना साधारण ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ते घरी, पोह्यांच्या कढईपाशी कोण देणार?

दमा उसळलेला असेल तर त्या दिवशी सुई घेऊच नये. मधले डोस चुकले असतील तर सांगा, डोस कमी करावा लागतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर तेही सांगा. त्यात अ‍ॅड्रेनलिनचा असर कमी पडू शकतो.

काकूंना हे पहिल्याच दिवशी कुणी समजावून सांगितलं असेल का?