ब्रिस्केट वजनावर, जर्सी नशिबावर: टेक्सासची तीन दिवसांची फेरी

ही फेरी टेक्सासच्या बार्बेक्यू दुकानांची आणि कॉलेज फुटबॉलची. पण आधी बिल, कारण बाकी सगळं त्यापुढे किरकोळ आहे. माणसं तीन. एक बीफ रिब (बरगडी), एक पौंड ब्रिस्केट (गुराच्या छातीचं मांस), सॉसेजच्या दोन कांड्या, थोडं बटाट्याचं सॅलड, थोडे बीन्स. पाटीवर रिब आणि ब्रिस्केट दोन्हीला 34 डॉलर पौंड. ‘एक रिब’ ऐकलं की नगावर भाव असेल असं वाटतं, पण ती हाडासकट तराजूवर चढते. 1 पौंड 6 औंस भरली, म्हणजे एकट्या रिबचे 46.75 डॉलर. एकूण 100.75, वर 8.25 टक्के सेल्स टॅक्स. मग काउंटरवरची स्क्रीन आपल्याकडे फिरते: 18, 20, 25. वीस दाबलं की टिप टॅक्ससकट रकमेवर लागते. 130.87 डॉलर. ट्रे आपण उचलायचा, पाणी आपण भरायचं, उष्टे कागदही आपणच टाकायचे. ‘वीस डॉलरमध्ये पोट फुटेस्तोवर’ असं सांगणाऱ्यांना विचारा, शेवटचं कधी गेला होतात.

तेव्हा मागायचं ते पौंडात, आणि कापण्याआधी. माणशी अर्धा पौंड बिनहाडाचं मांस पुरतं (पौंड म्हणजे 454 ग्रॅम). रिब खायचीच असेल तर तिघांत एक, आणि कागदात गुंडाळण्याआधी आकडा वाचून दाखवायला सांगा. कोणी वाईट मानत नाही, मागचा माणूसही तेच करणार असतो. पांढरा पाव, लोणच्याच्या काकड्या आणि कांदा बहुतेक ठिकाणी फुकट असतो, म्हणून साइड डिशवर पैसे घालवू नका.

ब्रिस्केट ‘मॉइस्ट’ हवं की ‘लीन’, असं विचारतात. मॉइस्ट म्हणजे चरबीचा जाड भाग, लीन म्हणजे खालचा सपाट. लीन कापल्यावर वीस मिनिटांत वाळतं. रांगेत दमलेला माणूस तब्येतीच्या विचाराने लीन घेतो आणि मग बार्बेक्यूला नावं ठेवतो. निम्मंनिम्मं घ्या. काप बोटावर आडवा टाकून बघा: दोन्हीकडे लोंबला पाहिजे, पण तुटता कामा नये, आणि हलक्या ओढीने सुटला पाहिजे. भुगा झाला तर जास्त शिजलंय, रबरासारखं ताणलं तर कमी. कडेच्या गुलाबी वर्तुळावर भुलू नका. ती धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडची मांसातल्या मायोग्लोबिनवर झालेली क्रिया आहे, चवीचा दाखला नव्हे. खरं काम ओकच्या मंद आचेवर बारा-चौदा तासांत होतं, मांस आतून 95 अंशांच्या आसपास पोचून चिवट तंतूंचं जिलेटिन झालं की.

बीफ न खाणाऱ्यांनी नीट वाचा. टर्की आणि पोर्क रिब्स मिळतात आणि टर्की बऱ्याच ठिकाणी खरोखर चांगली असते. पण सॉसेजमध्ये बहुधा बीफ असतंच, बीन्समध्ये ब्रिस्केटचे तुकडे पडतात आणि सुरी-फळी सगळ्यांना एकच. निव्वळ शाकाहारी माणसाला या फेरीत ओढू नका.

शुक्रवारी लॉकहार्ट गाव. ऑस्टिनहून जाताना नकाशा तुम्हाला टेक्सास 130 वर घालतो. वेगमर्यादा ताशी 85 मैल, देशातली सगळ्यात जास्त, म्हणून मोह होतो. भाड्याच्या गाडीत टोल टॅग नसेल तर टोल गाडी कंपनीकडे जातो, आणि ती आपलं शुल्क वर लावून पंधरा दिवसांनी कार्डावर टाकते. ‘टोल टाळा’ चालू करून 183 ने जा.

गावात एका दिवसात दोन दुकानं, तिसरं नको. तिसऱ्यात जीभ काहीच सांगत नाही. एक Kreuz: क्रॉइझ वाचू नका, उच्चार ‘क्राइट्स’. दुकान 1900 चं, 1999 मध्ये घरातल्या वाटणीनंतर नव्या इमारतीत गेलं, आणि जाताना जुन्या भट्टीतले निखारे टबात घालून रस्त्यावरून ओढत नेले. जुन्या इमारतीत आता स्मिटीज आहे. तिथे भट्टीच्या तोंडाशी उघडी आग जमिनीवर जळते आणि रांग तिच्या अंगावरून जाते. हाफ पँट घालून गेलात तर नडग्या भाजून निघतात. सकाळी साडेदहाला पोचा.

ऑस्टिनमधलं फ्रँकलिन? अकराला उघडतं, शनिवार-रविवारी लोक पहाटेपासून खुर्च्या टाकून बसतात. तीन दिवसांच्या फेरीत अर्धा दिवस रांगेत घालवणं वेडेपणा आहे. टेलर गावचं लुई म्युलर चांगलं, निवांत, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

शनिवारी लेक्सिंग्टन गावचं स्नोज. आठवड्यातून एकच दिवस, सकाळी आठपासून, मांस संपेपर्यंत. पहाटे पाचच्या आत उभे राहा. तिथून कॉलेज स्टेशन हे गाव साधारण तासाभरावर. तिथल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात, काइल फील्डमध्ये, 102,733 माणसं बसतात. ‘बसतात’ म्हणायचं, विद्यार्थी पूर्ण सामना उभेच असतात. पिशवी पारदर्शकच, 12 गुणिले 6 गुणिले 12 इंच. नेहमीची सॅक गाडीत परत ठेवायला लांबच्या पार्किंगपर्यंत दोनदा चालावं लागतं, तेही सप्टेंबरच्या 36 अंशांत. सामन्याची नेमकी वेळ टीव्हीवाले कधी बारा, कधी सहाच दिवस आधी ठरवतात. परतीचं विमान शनिवारी रात्रीचं काढणारा माणूस स्वतःच्या हाताने फसतो.

मुलांसाठी खेळाडूच्या नावाची जर्सी घेऊ नका, नुसता लोगो असलेली घ्या. 2021 पासून पहिल्यांदा विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही. 2024 पासून अभ्यासात पास असलेला खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलू शकतो. 2026 पासून फुटबॉलची बदली-खिडकी (बदलीसाठी नाव देण्याची मुदत) एकच, 2 ते 16 जानेवारी. म्हणजे नोव्हेंबरात घेतलेलं नाव फेब्रुवारीत शत्रूच्या रंगात. रोस्टरमध्ये नावापुढे ‘आर’ दिसला तर तो रेडशर्ट, म्हणजे एक मोसम राखून ठेवलेला: 2025 मोसमाच्या नियमाने पाच वर्षांत चार मोसम, आणि चारपर्यंत सामने खेळले तरी मोसम मोजला जात नाही. ज्युनिअर (दोन वर्षांच्या) कॉलेजची वर्षंही यात मोजायच्या नियमावर डिसेंबर 2024 मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डिएगो पाव्हिया या खेळाडूने कोर्टातून स्वतःपुरती स्थगिती मिळवली. म्हणून संघात चोवीस-पंचवीस वर्षांचे बाप्येही दिसले तर नवल नाही.

दुकानाच्या भिंतीवरच्या पोस्टरांचा अर्थही बदललाय. 1 जुलै 2021 च्या आधी मालकाने खेळाडूला ‘फॅन’ म्हणून फुकट ब्रिस्केट वाढलं तर तो नियमभंग होता, खेळण्याची पात्रता जाऊ शकत होती. आता तोच पोरगा पैसे घेऊन दुकानाचा चेहरा होतो. 600 डॉलर आणि त्यावरचा करार पाच कामकाजी दिवसांत ‘एनआयएल गो’ या खेळाडूंचे जाहिरात-करार तपासणाऱ्या संकेतस्थळावर नोंदवायचा. विद्यापीठ स्वतःही पैसे देऊ शकतं: ‘हाउस’ नावाच्या खटल्यात जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार 2025-26 साठी दर विद्यापीठाला मर्यादा 2.05 कोटी डॉलर.

हे आपल्या घरच्या मुलांना लागू होत नाही, आणि पुण्या-मुंबईचे पालक इथेच चुकतात. एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावरच्या टेनिसपटूने जेवणाच्या बदल्यात इन्स्टाग्रामवर दुकानाची पोस्ट टाकली, तर ते जेवण मोबदला आणि ती पोस्ट काम ठरू शकतं. खेळाची पात्रता शाबूत, व्हिसा धोक्यात. संघातल्या अमेरिकन मित्राने तसं केलं, हे उत्तर चालत नाही. आधी विद्यापीठाच्या कम्प्लायन्स (खेळाचे नियम सांभाळणारं) आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी अशा दोन्ही कार्यालयांना ईमेल टाका, तोंडी होकार घेऊ नका. आणि तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत टेनिस संघाची मर्यादा आता दहा खेळाडू. ‘बारावीनंतर एक वर्ष फक्त स्पर्धा खेळतो’ म्हणणाऱ्याचं पात्रतेचं घड्याळ टेनिसमध्ये सहा महिन्यांनी टिकटिकायला लागतं. नववी ते बारावीच्या मूळ गुणपत्रिका जपून ठेवा, खेळण्याच्या पात्रतेसाठी लागणारे सोळा कोअर (मुख्य) विषय त्यांतूनच मोजतात.

रविवारी बरीच दुकानं बंद, सोमवारी त्याहून जास्त. उरलेलं ब्रिस्केट न कापता आणा, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून 120 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये तासभर. मायक्रोवेव्हमध्ये टाकलंत तर 34 डॉलर पौंडाची चप्पल होते.